हार्ड डिस्क राहू द्या, आधी ठेवीची पावती वाचा

पत्र थोडक्यात: खानापूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो-व्हिडिओ एका जुन्या सेकंडहँड सर्व्हरवर आहेत. त्यातल्या रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) २ टीबीच्या चार डिस्क आहेत, त्या भरल्या. ८ टीबीच्या चार नव्या डिस्क ८० हजारांत मिळतायत. बँकेत ११ टक्क्यांनी ९ लाख आहेत, त्यातली एक ठेव मोडू का? लोक जुने फोटो परत मागतात, वर्षाला दीड लाख सुटतील. (गेल्या वर्षी चौघांनी मागितले, दोघांनी पैसे दिले.)

उत्तर: डिस्कसाठी मोडू नका.

तुम्ही लिहिलेलं कार्ड ज्या पिढीतलं आहे, ती डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, ३२ बिटांच्या आकड्यात मोजते. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे मोजणी २.२ टीबीच्या आसपास संपते. ८ टीबीची डिस्क लावली तरी फार तर दोन टीबी दिसेल, नाहीतर दिसणारच नाही. ८० पैकी ६० हजार पाण्यात. दुकानदार 'बसतंय की!' म्हणाला असेल. केबल बसते, त्याचं खोटं नाही.

शिवाय रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर उडवलंत तर ते चारही डिस्कवरून उडतं. ८ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क घ्या, दोन्हीवर तेच भरा, एक घरी ठेवा. कार्ड मध्ये येतच नाही. जुन्या यूएसबीवर कॉपी रखडेल, रात्री लावून झोपा. खर्च निम्मा, आणि तो लग्नसराईच्या ॲडव्हान्समधून निघेल. दीड लाखांचं म्हणाल, तर दोन गिऱ्हाइकांवर एवढा हिशेब मांडायचा नसतो.

आता न विचारलेलं. पत्रभर तुम्ही 'बँक' म्हणता, पण सोबतच्या पावतीवर तो शब्द कुठेच नाही. तिथे 'सौहार्द सहकारी' आहे. ही पतसंस्था आहे. बँक बुडाली तर ठेव विम्यातून मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत मिळतात, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला तो विमा लागूच नाही. पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करणाऱ्याने 'बँकेसारखीच आहे' सांगितलं आणि तुम्ही मुलीच्या इंजिनिअरिंगचे पैसेसुद्धा तिथेच टाकलेत!

११ टक्क्यांनी वर्षाला ९९ हजार, बँकेत साडेसहाने ५८ हजार. म्हणजे ४० हजारांच्या फरकासाठी नऊच्या नऊ लाख उघड्यावर. संस्था चांगली चालत असेलही, संचालक ओळखीचे असतील. पण ११ टक्के द्यायचे तर तिला कर्ज १४-१५ टक्क्यांनी द्यावं लागतं, आणि ज्याला बँक दारात उभं करत नाही तोच त्या दराने घेतो.

सगळं एका दिवसात मोडू नका, मुदतीआधी काढल्यास व्याज कापतात. जी पावती पिकेल ती नूतनीकरण न करता बेळगावातल्या दोन वेगळ्या बँकांत हलवा, एकीत साडेचार लाखांवर नको. फक्त मुलीच्या फीची ठेव व्याज सोडून याच महिन्यात काढा. 'पुढच्या आठवड्यात या' असं उत्तर दुसऱ्यांदा आलं, तर बाकीच्या पावत्यांची मुदतही बघत बसू नका.