बर्फ वितळतो की विरघळतो?

मुलुंडहून एका ताईंनी विचारलं आहे. मुलीच्या शाळेत पर्यावरणावर भित्तिपत्रक होतं. मुलीने लिहिलं, 'हिमनग विरघळल्यामुळे समुद्राची पातळी वाढते.' बाईंनी 'विरघळल्यामुळे'खाली लाल रेघ मारली, वर 'वितळल्यामुळे' लिहिलं आणि अर्धा गुण कापला. घरी आजींचं म्हणणं, आम्ही जन्मभर बर्फ विरघळला असंच म्हणत आलो. तर बरोबर कोण?

ताई, लाल रेघ भलत्याच शब्दाखाली पडली आहे. पण आधी क्रियापदाचं बघू.

पुस्तकी फरक सरळ आहे. मेण वितळतं, सोनं मुशीत वितळतं. साखर चहात विरघळते, तुरटी पाण्यात विरघळते. वितळायला नुसती ऊब पुरते, विरघळायला सोबत लागते. 'कशात?' असं विचारून बघा. साखर कशात विरघळली याला उत्तर मिळतं. मेण कशात वितळलं म्हटलं तर फार तर पातेल्याचं नाव पुढे येईल. बोलताना ही शिस्त कोणी पाळत नाही. फ्रीज बंद पडला की 'सगळा बर्फ विरघळला' असंच तोंडात येतं. लोणी पाघळतं, तूप पातळ होतं आणि माणूस गोड बोलण्याने विरघळतो, किंवा जरा हिणवायचं असेल तर पाघळतो. मासळी बाजारात तर दोन्ही क्रियापदांवाचून अडत नाही, 'बर्फाचं पाणी झालं' की विषय संपला. तेव्हा आजींची मराठी खणखणीत आहे. विज्ञानाच्या वहीत बाईंचं 'वितळणे' हवं, हेही खरं.

आता नामाकडे या. हिमनग म्हणजे समुद्रात तरंगणारा बर्फाचा प्रचंड तुकडा, आणि त्याच्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. घरी करून बघा. ग्लासात बर्फाचे खडे टाका आणि काठोकाठ पाणी भरा. खडे पाण्यावर डोकं काढून राहतील. तासाभराने सगळं पाणी झालं तरी थेंबही सांडलेला नसेल. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. त्याचं पाणी झालं की ते नेमकं तेवढ्याच जागेत मावतं. समुद्रात थोडी गफलत होते. समुद्राचं पाणी खारं म्हणून जड, आणि हिमनगाचं गोडं म्हणून हलकं, त्यामुळे ते किंचित जास्त जागा घेतं. पण जगातला सगळा तरंगता बर्फ गेला तरी यातून होणारी वाढ सुमारे ४ सेंटीमीटर.

पाणी चढतं ते जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्यामुळे. ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ गेला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, अंटार्क्टिकावरचा गेला तर सुमारे ५८ मीटर. (मुंबईत पावसाळ्यात भरती साडेचार मीटरवर जाणार म्हटलं की काय धावपळ होते ते आठवा.) काठोकाठ भरलेल्या पिंपात कलिंगड सोडलं तर पाणी सोडताक्षणीच सांडतं, कलिंगड पुढे कुजण्याची वाट बघत नाही. हिमनदीच्या टोकाचा जमिनीवर टेकलेला बर्फ तुटून समुद्रात उतरतो, तेव्हाच त्याचा वाटा पातळीत जमा होतो. नंतर तो वितळला काय नि विरघळला काय. शिवाय तापलेलं पाणी फुगतं, त्याचा वाटा वेगळाच. अपोलो बंदरावरच्या, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या पालवा बंदरावरच्या, समुद्राच्या उंचीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, पण त्या आकड्यात बर्फ आणि फुगवटा वेगवेगळे लिहिलेले नसतात.

आणि हा बर्फ सगळीकडे सारखा वाटलाही जात नाही. चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, हे आपल्याला माहीत आहे. ग्रीनलंडवरचा बर्फही इतका जड आहे की तो भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की पकड सुटते, ग्रीनलंडजवळचं पाणी उतरतं आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतं. 'समुद्रसपाटी' शब्दातली सपाटी तेवढी मनावर घेऊ नये.

'हिमनग' शब्दाची एक गंमत सांगायलाच हवी. नग म्हणजे 'न गच्छति', जो जात नाही तो, म्हणून पर्वत. हिमालय तो नगाधिराज. (पार्सलवरचे '३ नग' वेगळे आणि 'काय नग आहे!' मधला आणखी वेगळा.) इंग्रजांनी डच लोकांचा 'बर्फाचा डोंगर' आइसबर्ग म्हणून उचलला, आपण त्यातल्या डोंगराला नग केलं, आणि सतत वाहत जाणाऱ्या वस्तूला न हलणाऱ्याचं नाव मिळालं. या नावाला जागलेला एक हिमनग मात्र होता. ए२३ए नावाचा हा तुकडा १९८६ साली अंटार्क्टिकापासून सुटला आणि वेडेल समुद्राच्या तळाला टेकून ३० वर्षांहून जास्त काळ तिथेच बसला. मग सुटला आणि २०२५ साली दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ पोचला.

पातळी वाढवत नाही म्हणून हिमनग निरुपद्रवी, असं मात्र नाही. २०१७ साली सुटलेला ए६८ बृहन्मुंबईच्या साधारण नऊ-दहा पट होता. त्याने याच दक्षिण जॉर्जियापाशी ३ महिन्यांत सुमारे १५२ अब्ज टन गोडं पाणी समुद्रात ओतलं. हे हलकं पाणी वर थर धरून राहतं. उत्तर अटलांटिकमध्ये थंड, खारट पाणी जड होऊन खाली बुडतं आणि त्यावर समुद्राचे मोठे प्रवाह चालतात. तिथे ग्रीनलंडकडून येणारं गोडं पाणी या बुडण्यालाच आडवं येतं.

राहता राहिल्या आजी. आमच्या चाळीत मे महिन्यात हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट निघायचा. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून फोडायची, पॉटभोवती भरायची आणि वर खडेमीठ. ते खारं पाणी शून्य अंशाच्याही खाली जातं, बोटं बधिर होतात, आणि तरी बर्फाचं पाणी होतच राहतं. अंटार्क्टिकाभोवती हेच चालतं. तिथलं खारं पाणी उणे १.८ अंशांपर्यंत गोठत नाही. उणे १ अंशाच्या पाण्यात शुद्ध बर्फ वितळायला हवी तेवढी ऊब नसते, तरी मीठ त्याला पाण्यात ओढून घेतं. या विषयातले भौतिकशास्त्रज्ञ इथे वितळणं आणि विरघळणं असा भेद मुद्दाम करतात, आणि या थंड पाण्यातल्या हिमनगासाठी त्यांचा शब्द आजींचाच आहे.

भित्तिपत्रकावर असं लिहायला सांगा: 'जमिनीवरचा बर्फ, पाणी होऊन किंवा तुटून, समुद्रात उतरतो आणि समुद्राची पातळी वाढते.' यात बाईंचं क्रियापद नाही आणि आजींचंही नाही. अर्ध्या गुणाचं तुम्ही बघा.