युवराजांची पलटण

मागच्या अंकात स्पेनची युवराज्ञी लिओनोर हिच्या लष्करी प्रशिक्षणाची टिपणी छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : ब्रिटनच्या राजपुत्राला निवड परीक्षा द्यावी लागते, की थेट अधिकारी करतात? (नाशिक)

परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडच्या एसएसबीसारखे तिथे वेस्टबरी येथे लष्कराचे निवड मंडळ आहे. तीन-चार दिवस मुलाखती, गटकार्य, अडथळे ओलांडणे आणि कागदावर योजना आखणे चालते. त्यातून पार पडले की सँडहर्स्टची लष्करी अकादमी, ४४ आठवडे, तीन सत्रे. राजे चार्ल्स यांचा धाकटा मुलगा हॅरी मे २००५ मध्ये दाखल झाला आणि एप्रिल २००६ मध्ये अधिकारी झाला. थोरला विल्यम विद्यापीठ संपवून जानेवारी २००६ मध्ये आला, डिसेंबरात बाहेर पडला. म्हणजे धाकटा भाऊ आठ महिने आधी अधिकारी झाला, आणि थोरला छात्र होता तोवर नियमाने बोलायचे तर सलाम थोरल्याने ठोकायचा!

सवलत कुठे मिळते, तर नंतरच्या वाटचालीत. घोडदळाच्या राजरक्षक पलटणीतला अधिकारी असूनही विल्यमला २००८ मध्ये हवाई दल आणि नौदलात काही काही महिने फिरवून आणले, कारण उद्या तिन्ही दले त्याच्या नावाने चालायची आहेत. साध्या लेफ्टनंटला असा फेरफटका कोणी देत नाही. पण खडतर प्रशिक्षणात नाव कामाला येत नाही. त्याचा भाऊबंदातलाच दाखला म्हणजे त्याचे काका एडवर्ड. त्यांनी जानेवारी १९८७ मध्ये रॉयल मरीन्सचे प्रशिक्षण अर्धवट सोडले, तेव्हा त्या दलाचे मानद प्रमुख खुद्द त्यांचे वडील फिलिप होते.

प्रश्न : राजपुत्राला आघाडीवर पाठवणे म्हणजे शत्रूला आयते सावज देणे नव्हे का? (सातारा)

हाच या विषयातला कळीचा प्रश्न. १९१४ मध्ये युवराज एडवर्ड, पुढे आठवा एडवर्ड, आघाडीवर जाण्यासाठी हटून बसला होता. युद्धमंत्री किचनर यांनी नकार दिला. त्यांना युवराज मरण्याची फारशी धास्ती नव्हती, तो पकडला जाण्याची होती. मेलेल्या युवराजाच्या जागी भाऊ उभा राहतो, कैदेतल्या युवराजाची मात्र किंमत मोजावी लागते.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात सरकारला राणी एलिझाबेथ यांचे दुसरे चिरंजीव अँड्र्यू यांना कचेरीतले काम द्यावे असे वाटत होते. राणी मात्र ठाम राहिली आणि ते ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू जहाजावरून गेले. सी किंग हेलिकॉप्टरचे सहवैमानिक म्हणून त्यांना एक काम असे होते, की जहाजांवर मारा करणारे एक्झोसेट क्षेपणास्त्र आले तर त्याच्या रडारला आपणच जहाज आहोत असे भासवायचे. जहाज वाचवण्यासाठी हेलिकॉप्टरचे आमिष. सिंहासनाच्या रांगेत तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या माणसाला हे काम देणे ही धाडसाचीच गोष्ट होती. (त्याच वर्षी जूनमध्ये विल्यमचा जन्म झाला आणि ते तिसऱ्या क्रमांकावर गेले.)

हॅरीच्या बाबतीत गणित बदलले. २००७ मध्ये त्याची तुकडी इराकला निघाली होती. लष्करप्रमुख जनरल डॅनट यांनी आधी होकार दिला, मग इराकला जाऊन आल्यावर मे महिन्यात तो मागे घेतला. हॅरीला नेमके टिपण्याचे बेत होते आणि त्याच्या रणगाडा-गाडीवर नेम धरणारा शेजारच्या जवानांनाही उडवणार होता. धोका राजपुत्राचा आणि भुर्दंड सोबत्यांना, ही खरी अडचण. ‘राजाच्या पोराला जपले’ अशी टीका झाली, पण ती या मुद्द्याला भिडत नाही.

त्यावर काढलेला तोडगा शिकण्यासारखा आहे. डिसेंबर २००७ मध्ये त्याला गुपचूप अफगाणिस्तानातल्या हेल्मंडला नेले आणि काम दिले विमानांना जमिनीवरून दिशा देण्याचे. पडद्यावर विमानातून येणारे चित्र पाहायचे, आकाशाचा तो पट्टा दुसऱ्या विमानांपासून मोकळा करायचा, लक्ष्याचे अक्षांश-रेखांश वैमानिकाला सांगायचे. वैमानिकाला ऐकू येतो फक्त आवाज आणि एक सांकेतिक नाव. चेहरा लपवायला याहून सोयीचे काम नव्हते. ब्रिटिश माध्यमांशी करार झाला होता : तुम्ही गप्प बसा, आम्ही मुलाखती आणि छायाचित्रे देऊ. करार फुटला, कारण परदेशी प्रकाशने त्यात नव्हतीच. एका ऑस्ट्रेलियन नियतकालिकाने आधी वाच्यता केली. २८ फेब्रुवारी २००८ रोजी एका अमेरिकी संकेतस्थळावरून बातमी जगभर पसरली आणि दहा आठवड्यांत त्याला परत आणावे लागले.

दुसऱ्या खेपेला, सप्टेंबर २०१२ मध्ये, लपवाछपवी केलीच नाही. तो अपाचे हेलिकॉप्टरचा सहवैमानिक-तोफची होता, मुक्काम कँप बॅस्चन या कडेकोट तळावर. आकाशात कोणत्या हेलिकॉप्टरात कोण आहे हे खालच्याला ओळखता येत नाही. तरी तो पोचला त्याच महिन्यात तळावर हल्ला होऊन दोन अमेरिकी मरीन्स मारले गेले. मुक्काम मात्र त्याने पुरा केला.

प्रश्न : राजघराण्यातल्यांच्या छातीवर एवढी पदके कशी? ती कमावलेली कोणती, हे कसे ओळखायचे? (पणजी)

आधी हुद्दा सोडून द्या, तो बहुधा मानद असतो. चार्ल्स हे २०१२ पासून फील्ड मार्शल, पण प्रत्यक्ष नोकरी १९७१ ते १९७६, नौदलात, शेवटी ‘ब्रॉनिंग्टन’ या छोट्या सुरुंगशोधक जहाजाचे कप्तान. त्यांच्या पदकांतली बरीचशी राणीच्या राज्यारोहणाच्या २५, ५०, ६० आणि ७० वर्षांनिमित्त काढलेली आहेत. तशी पदके त्या वेळी सेवेत असलेल्या हजारो शिपायांनाही मिळाली.

खरी खूण म्हणजे मोहिमेचे पदक. अँड्र्यू यांचे दक्षिण अटलांटिक पदक, हॅरीचे अफगाणिस्तान पदक. दुसरी खूण वैमानिकाचे पंख. ते प्रशिक्षण पुरे केल्याशिवाय सहसा शिवता येत नाहीत.

गणवेशाचा अधिकार वेगळा. मानद पदे काढून घेतली की सोहळ्यात गणवेशही जातो. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये राणीच्या अंत्ययात्रेत अँड्र्यू आणि हॅरी, म्हणजे त्या पिढ्यांतले प्रत्यक्ष युद्ध पाहिलेले दोघेच, साध्या कोटात चालत होते. शवपेटीजवळच्या पहाऱ्यासाठी दोघांना एकेकदा गणवेशाची मुभा मिळाली, पण हॅरीच्या खांद्यावर राणीची राजमुद्रा नव्हती. कमावलेले आणि दिलेले यांची सरमिसळ झाली की असा विचित्र प्रसंग उभा राहतो.

प्रश्न : राजकन्यांना हलके काम देतात का? (इंदूर)

नाही. नॉर्वेत सक्तीची लष्करसेवा मुलींनाही लागू आहे. इंग्रिड अलेक्झांड्रा जानेवारी २०२४ पासून पंधरा महिने उत्तरेकडच्या स्कोल्ड छावणीत अभियंता बटालियनमध्ये चिलखती गाडीवर तोफची होती. लिओनोरचा क्रम असा : ऑगस्ट २०२३ पासून सारागोसाची भूदल अकादमी, मग मारीनची नौदल शाळा आणि शिडाच्या प्रशिक्षण जहाजावरची सफर, सप्टेंबर २०२५ पासून सान हावियेरची हवाई अकादमी. तिच्या वर्गमित्रांना एकाच दलात पाच वर्षे लागतात; तिला तीन दले तीन वर्षांत. जुने उदाहरण म्हणजे एलिझाबेथ : फेब्रुवारी १९४५ मध्ये महिला सेवादलात भरती, क्रमांक २३०८७३, काम ट्रक चालवणे आणि इंजिन खोलणे.

प्रश्न : ब्रिटनचा राजा स्वतःहून सैन्य हलवू शकतो का? (लातूर)

कागदावर हो, व्यवहारात नाही. निर्णय पंतप्रधानांचा. शिवाय १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानुसार शांततेत खडे सैन्य ठेवायला संसदेची परवानगी लागते, म्हणून आजही दर पाच वर्षांनी नवा सेनादल कायदा करावा लागतो. नौदल ‘रॉयल’, हवाई दल ‘रॉयल’, भूदल नुसते ‘ब्रिटिश’, हेही लक्षात घ्या.

प्रश्न : राजपुत्र लढले म्हणून लोक राजेशाहीला धरून राहतात का? (पुणे)

थोडेफार, आणि तेही त्या माणसापुरते. सर्वांत ठळक उदाहरण स्पेनचे. २३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी तेहेरो या सिव्हिल गार्डच्या, म्हणजे निमलष्करी पोलीस दलाच्या, अधिकाऱ्याने सशस्त्र शिपाई घेऊन संसद ओलीस धरली. वॅलेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. राजा हुआन कार्लोस तरुणपणी सारागोसा, मारीन आणि सान हावियेर इथेच शिकलेला होता. त्या रात्री त्याने प्रांतोप्रांतीच्या सेनापतींना स्वतः फोन केले. मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमारास तो सरसेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवर आला आणि बंड विझले. प्रशिक्षणाचा खरा उपयोग हा : हुकूम ऐकणारा माणूस तुम्हाला आपल्यातला समजतो.

पण ती पुण्याई जन्मभर पुरली नाही. आर्थिक प्रकरणे आणि हत्तीच्या शिकारीची सहल गाजल्यावर त्याने २०१४ मध्ये मुलासाठी गादी सोडली, २०२० मध्ये देशही. सरकारी सर्वेक्षण संस्थेने एप्रिल २०१५ मध्ये राजेशाहीवरचा विश्वास मोजला तेव्हा १० पैकी ४.३४ गुण निघाले. त्यानंतर तो प्रश्नच विचारणे बंद केले. अँड्र्यू यांचेही तसेच. फॉकलंडहून परतले तेव्हा ते नायक होते. जानेवारी २०२२ मध्ये एपस्टीन प्रकरणापायी त्यांची लष्करी पदे गेली, ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘प्रिन्स’ ही उपाधीही. ग्रीसचा राजा कॉन्स्टंटाइन याने तर डिसेंबर १९६७ मध्ये सेनापतींच्या भरवशावर लष्करशहांविरुद्ध उठाव केला; तो फसला आणि १९७४ च्या सार्वमतात सुमारे ६९ टक्क्यांनी राजेशाही नाकारली.

आकडे वाचताना प्रश्नाचे शब्द पाहावेत. ‘राजा हवा की निवडलेला राष्ट्रप्रमुख?’ असे विचारले की ब्रिटनमध्ये राजाकडे स्पष्ट बहुमत दिसते. ‘राजेशाही किती महत्त्वाची?’ असे विचारले की चित्र पालटते : १९८३ मध्ये सुमारे दोन तृतीयांश लोक ‘अतिशय महत्त्वाची’ म्हणाले होते, चार दशकांनी जेमतेम तीन दशांश. तरुणांत पाठिंबा सर्वांत कमी, आणि हॅरी-विल्यम यांची लष्करी कारकीर्द याच काळातली आहे.

आपल्याकडचा दाखला याहून बोलका आहे. जयपूरचे लेफ्टनंट कर्नल भवानी सिंग १९७० पासून महाराजा होते आणि १० पॅरा कमांडोचे प्रमुखही. डिसेंबर १९७१ च्या युद्धात त्यांच्या जवानांनी जीपगाड्यांतून वाळवंट ओलांडून ७-८ च्या रात्री सिंधमधल्या चाच्रोवर छापा घातला. त्यांना महावीर चक्र मिळाले. संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या रद्द करणारी सव्विसावी घटनादुरुस्ती लोकसभेने २ डिसेंबरला मंजूर केली होती, राज्यसभेने ती ९ डिसेंबरला केली. त्या वेळी ते अजून आघाडीवरच होते.