साथीत आलेली नवी लस लगेच घ्यावी की थांबावं? वडिलांचं उत्तर वेगळं, तुमचं वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोविडसारखी साथ पुन्हा आली आणि वर्षभरात नवी लस निघाली, तर पहिल्या फेरीतच टोचून घ्यावी की चार-सहा महिने थांबावं? राहायला नाशिक रोडला. वडील ६६ वर्षांचे, त्यांना मधुमेह, शिवाय रक्त पातळ राहण्याची गोळी चालू. तुम्ही २७ वर्षांचे. २०२४ मध्ये कोविशील्ड लस आणि तिच्यानंतर होणाऱ्या रक्ताच्या दुर्मीळ गुठळ्यांच्या बातम्या आल्यापासून घरात वाद आहे.

माझं मत: कोविडसारखा, म्हातारपणी जास्त मारणारा आजार असेल आणि चाचणीचे आकडे हाती असतील, तर वडिलांनी थांबू नये. तुम्ही मात्र आधी शहरात साथ किती चढली आहे आणि तुमच्या वयासाठी दुसरी लस मिळते का, हे बघा. एकाच घरात दोन उत्तरं निघतात ती हिशेबामुळे.

हा हिशेब प्रत्यक्षात झालेला आहे. ७ एप्रिल २०२१ ला ब्रिटनने ठरवलं की ३० वर्षांखालच्या निरोगी लोकांना ॲस्ट्राझेनेकाऐवजी शक्यतो दुसरी लस द्यायची. ॲस्ट्राझेनेका म्हणजे आपल्याकडे पुण्याच्या सीरमने केलेली कोविशील्ड. त्याच वेळी केंब्रिज विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांनी एक तक्ता मांडला. साथ मंद असताना विशीतल्या १ लाख लोकांना लस दिली, तर १६ आठवड्यांत अतिदक्षता विभागात जाणारे सरासरी ०.८ लोक वाचतात आणि गुठळ्यांचा गंभीर त्रास १.१ जणांना होतो. म्हणजे पारडं किंचित उलटं. साठीतल्या १ लाख लोकांत वाचणारे १४.१ आणि त्रास होणारे ०.२. साथ जोरात असेल तर विशीत वाचणारे ६.९ होतात, साठीत थेट १२७.७. लशीचा धोका तेवढाच राहिला, बदलला तो आजाराचा धोका. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकमध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक वणवण फिरत होते. तशा दिवसांत २७ वर्षांच्या माणसानेही थांबण्यात अर्थ नव्हता.

भारतात केंद्राच्या समितीने मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दर १० लाख डोसमागे अशा ०.६१ घटना सांगितल्या. ब्रिटनमध्ये तो आकडा ४ आणि जर्मनीत १० होता. आपल्याकडे कमी दिसतं यात नोंदी कमी होण्याचा वाटा असू शकतो. म्हणून मी हिशेब मोठा आकडा धरूनच करतो. तो धरला तरी ६६ वर्षांच्या मधुमेही माणसाचं उत्तर बदलत नाही.

आता 'नवी' या शब्दाची भीती. त्यातली रास्त भीती कोणती, हे तीनच्या नियमाने कळतं. चाचणीत लस टोचलेल्या लोकांपैकी एकालाही एखादा त्रास झाला नाही, तर त्याचा खरा दर जास्तीत जास्त ३ भागिले टोचलेले लोक इतका असू शकतो (९५ टक्के खात्रीने). कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात २५,७९८ लोक होते. त्यातल्या साधारण निम्म्यांना लस आणि बाकीच्यांना औषध नसलेली सुई. म्हणजे सुमारे ४,३०० मध्ये एक यापेक्षा दुर्मीळ त्रास त्या चाचणीत दिसेलच असं नाही. लाखात एकाला होणारी गुठळी कुठल्याच लशीच्या चाचणीत सापडत नाही. ती सापडते लाखो लोकांना टोचल्यावर. ब्रिटनमध्ये ही लस ४ जानेवारी २०२१ ला सुरू झाली आणि मार्चमध्ये गुठळ्यांचा प्रकार लक्षात आला. म्हणून साथ मंद असताना तरुण माणसाने दोन-तीन महिने थांबणं समजण्यासारखं आहे. 'पाच वर्षांनी काय होईल' म्हणून थांबण्याला तेवढा आधार नाही, कारण लशींचे गंभीर त्रास बहुतेक करून पहिल्या दीड-दोन महिन्यांत दिसतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने कोविड लशींसाठी चाचणीतल्या निदान निम्म्या लोकांवर किमान दोन महिने लक्ष ठेवलेलं असावं अशी अट घातली, ती याच आधारावर.

'एवढ्या लवकर कशी काय झाली?' हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. विषाणूच्या अंगावरच्या काट्यासारख्या प्रथिनावरचं (लस त्यालाच ओळखायला शिकवते) संशोधन २००३ च्या सार्स या कोरोनाच्याच कुळातल्या आजारापासून चालू होतं, चाचण्यांचे टप्पे एकावर एक चढवले, मंजुरीआधीच कारखाने चालू केले. शिवाय साथ एवढी पसरलेली होती की तुलनेला लागणारे रुग्ण वर्षांऐवजी महिन्यांत मिळाले.

पण घाई आणि अपुरे आकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोव्हॅक्सिनला मंजुरी मिळाली ३ जानेवारी २०२१ ला, तेव्हा ती किती रोखते याचा आकडाच बाहेर आलेला नव्हता. पहिला आकडा मार्चमध्ये आला. पुढे पूर्ण निकालात १३० रुग्णांपैकी २४ लस घेतलेले आणि १०६ न घेतलेले निघाले, म्हणजे ७७.८ टक्के. (याचा अर्थ शंभरात २२ जण आजारी पडतात असा नाही, न घेतलेल्यांच्या तुलनेत आजारी पडणारे तेवढ्या टक्क्यांनी घटतात.) जानेवारीत 'आकडे येऊ द्या' म्हणणारा माणूस अडाणी नव्हता. आकडे आल्यानंतरही तेच म्हणत बसणं मला पटत नाही. पुढच्या वेळी बातमीत 'प्रभावी' हा शब्द न शोधता तीन गोष्टी शोधा: किती जणांना टोचली, किती दिवस पाहिलं, आणि आजारी पडलेले दोन्ही गटांत कसे वाटले गेले. आपल्या औषध नियंत्रकांच्या तज्ज्ञ समितीची इतिवृत्तं संकेतस्थळावर येतात, तिथेही यातलं बरंच मिळतं.

लस कुठे फसते, याची दोन जुनी उदाहरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना लस दिली. लाखामागे साधारण एकाला गियां-बारे हा नसांचा आजार जादा झाला आणि साथ काही आलीच नाही. फायदा शून्य असला की लाखात एक हाही धोका जड होतो. दुसरं १९०२ चं, पंजाबातल्या मुल्कोवालचं. हाफकिन यांची प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले. बाटली उघडताना जंतू शिरले होते, लस मुळात चांगली होती. त्यामुळे लसीकरण केंद्रावर काय होतं याकडे मी लशीच्या नावाइतकंच लक्ष देतो.

तिथे बघायचं ते असं. बहुतेक लशी २ ते ८ अंशांत ठेवतात. दहा डोसची बाटली एकदा उघडली की कोविशील्डसारखी लस चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. म्हणून बाटलीवर उघडल्याची वेळ लिहिलेली आहे का, ते विचारा. सुई-सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे. लोकांना उन्हाची काळजी असते, पण पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर लस नेताना गोठण्याचा धोकाही तितकाच असतो. फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक तसेच पेटीत भरले तर कडेच्या बाटल्या गोठतात. पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायचे असतात. ॲल्युमिनियमचे क्षार असलेली लस (कोव्हॅक्सिन त्यातलीच) एकदा गोठली की निकामी होते, पुन्हा वितळली तरी.

वडिलांच्या गोळीबद्दल घराघरांत एक घोटाळा झालेला असतो. रक्त पातळ असल्यामुळे दंडात रक्त साकळणं ही एक गोष्ट आणि लशीनंतरची ती दुर्मीळ गुठळी ही दुसरी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, ते खरोखर धोक्याचं आहे. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर ती थांबवायचं कारण नसतं. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर अलीकडचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीचा आकडा) डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत आहे ना, ते पाहून जा. टोचणाऱ्या सिस्टरना आधी सांगा: बारीक सुई (२३ किंवा २५ गेज), नंतर न चोळता किमान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं. नव्या लशीचं माहितीपत्रक मात्र वाचाच. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या पत्रकात अशी गोळी घेणाऱ्यांनी लस टाळावी असं होतं, कोविशील्डच्या पत्रकात फक्त आधी सांगा असं होतं.

उपाशीपोटी जाऊ नका, इन्सुलिन किंवा गोळ्या नेहमीप्रमाणे घ्या. साखर एक-दोन दिवस चढू शकते, घरी ग्लुकोमीटर असेल तर तपासत राहा. ताप असेल तर तारीख पुढे ढकला. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण जिवावरची ॲलर्जी बहुधा त्याच वेळात येते आणि तिच्यावर मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. ते केंद्रावर तयार आहे का, हे बेलाशक विचारा.

पहिले दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड ठणकणं हे चालायचंच, पॅरासिटामॉल पुरते. चौथ्या दिवसापासून चार आठवडे वेगळ्या खुणांवर लक्ष ठेवा: न थांबणारी तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं, धाप, छातीत किंवा पोटात सतत दुखणं, एका पायाला सूज, टोचल्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके. यातलं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, लशीचं नाव आणि तारीख सांगा, आणि रक्तातल्या प्लेटलेट मोजायला सांगा. या विशिष्ट गुठळीत प्लेटलेट घटलेल्या असतात आणि गुठळीवर नेहमी देतात ते हेपॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन टाळायचं असतं, म्हणून तारीख सांगणं महत्त्वाचं. बॅच क्रमांक असलेलं प्रमाणपत्र फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. त्रासाची नोंद केंद्रावर किंवा १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर करता येते.