एप्रिलच्या बाळासाठी क्रोशाचं टोपडं

बहिणीचं बाळंतपण एप्रिलमध्ये, तेही नागपूरला. बारशाला स्वतः विणलेलं टोपडं द्यायचंय, घरात लोकर पडून आहे, पण वरचा गोल एकदा झालरीसारखा झाला आणि एकदा वाटीसारखा, म्हणून विचारतेयस. गोलाचं सांगतेच, पण आधी ती लोकर कपाटात परत ठेव. नागपूरच्या उन्हाळ्यात ॲक्रिलिकच्या टोपड्यात बाळ घामाघूम होईल आणि तुझी बहीण मनावर दगड ठेवून फक्त फोटोपुरतं घालेल. सुती धागा घे. ‘मिल्क कॉटन’ हाताला मऊ लागतो, पण त्यात बऱ्याचदा ॲक्रिलिकची भेसळ असते, वेष्टन वाचून घे. आणि लागतील ते सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आण. दुसऱ्या लॉटचा पांढरासुद्धा वेगळा दिसतो.

आता माप. मी भाच्यासाठी पहिलं टोपडं विणलं ते अगदी जन्मलेल्या बाळाच्या बेताचं. बारशाला कसंबसं चढवलं, महिन्याभरात ते बाहुलीला गेलं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर 34-35 सेंटिमीटर असतो आणि पहिल्या काही महिन्यांत तो भराभर वाढतो. म्हणून तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या अंदाजानं वीण, बारशाला थोडं सैल बसलं तरी चालेल. तयार टोपड्याचा घेर 38-39 धर. म्हणजे वरची सपाट चकती साधारण 12 सेंटिमीटर व्यासाची झाली की वाढवणं थांबवायचं. घेराला 3.14 ने भागायचं, एवढंच गणित.

तुझी झालर आणि वाटी या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. खांबांचा (सुईवर एक वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्यांचा) गोल सपाट राहायला दर फेरीला साधारण 12 खांब वाढावे लागतात: 12, 24, 36, 48 असे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, तिसरीत एक सोडून एक दुहेरी (म्हणजे एकाच खांबात दोन), चौथीत दोन साधे आणि एक दुहेरी. जास्त वाढवलेस की काठ लाटा मारतो, कमी वाढवलेस की कड वर उचलते. माझा संशय फेरीच्या जोडावर आहे. सुरुवातीच्या तीन साखळ्या एक खांब म्हणून मोजायच्या असतात. त्या कधी मोजतो, कधी विसरतो आणि दर फेरीला एखादा खांब चढतो किंवा पडतो. पहिल्या खांबात रंगीत दोरा अडकव आणि फेरी संपली की मोज. कंटाळवाणं आहे, पण उसवण्यापेक्षा बरं. मोजणी बरोबर असूनही वाटी झाली तर हात घट्ट आहे, क्रोशाची सुई अर्ध्या नंबरानं मोठी घे. मध्यम जाडीच्या सुती धाग्याला 3.5 मिमीची सुई लागते, त्यावर सहा फेऱ्यांत 72 खांब होऊन चकती जवळपास मापात येते. पुढे न वाढवता विणत जा, मध्यापासून काठापर्यंत 14-15 सेंटिमीटर होईपर्यंत.

नक्षीचा मोह आवर. जाळीची मोठी भोकं दिसतात सुरेख, पण बाळाची बोटं त्यात अडकतात. मणी, मोती, बटणं नकोतच, ती तोंडात जातात. बांधायच्या नाड्या आखूड ठेव आणि झोपवताना टोपडं काढायचं, हे बहिणीला बजावून सांग. आतल्या बाजूला गाठ ठेवू नकोस, टोकं ओवायच्या सुईनं खांबांतून दोन्ही दिशांना ओवून घे. टाळूवर गाठ रुतते आणि बाळ का रडतंय हे कुणाला कळत नाही.

द्यायच्या आधी सौम्य साबणानं एकदा धुऊन सावलीत पसरून वाळव. दोरीवर टांगलंस तर ओलं सूत जड होऊन लांबतं. सोबत दुरुस्तीसाठी त्याच धाग्याचा हातभर तुकडा चिठ्ठीला गुंडाळून दे. दात यायला लागले की पोरं नाडी चघळून चघळून काठ उसवतात.