दर काढण्याआधी वादाचं कलम वाच
केंद्र सरकारच्या कामाची पहिली निविदा भरतोयस, मनापासून आनंद झाला. पण दर काढण्याआधी वाद निवारणाचं कलम नीट वाच. अर्थ मंत्रालयाच्या ३ जून २०२४ च्या सूचनांनंतर लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर त्रयस्थाकडून बंधनकारक निकाल घेण्याची, सोय सरसकट मिळत नाही. असली तरी साधारणपणे १० कोटींच्या आतल्या वादांपुरतीच. त्यापुढे मध्यस्थी, नाहीतर कोर्ट, म्हणजे पैसे वर्षानुवर्षं अडकणार. तेवढं खेळतं भांडवल हाताशी ठेव.

लवाद म्हणून निकाल देणारा माणूस नेमणार कोण, हेही बघ. एकट्या सरकारी पक्षानेच नेमायचा, असं कलम सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ८ नोव्हेंबर २०२४ ला रेल्वे विद्युतीकरणाच्या खटल्यात घटनाबाह्य ठरवलंय. आपल्यासारख्या लहान ठेकेदारांना हा फार मोठा आधार आहे.

आणि वाढीव काम तोंडी सांगितलं, तर लेखी आदेशाशिवाय हात लावू नकोस. झालेलं काम मोजून लिहितात त्या मोजमाप पुस्तकातल्या नोंदीचा फोटो त्याच दिवशी काढ.