सव्वा महिन्यानंतरचं दुखणं

या वेळची बहुतेक पत्रं बाळंतिणींची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. पत्र कंबरेपासून सुरू होतं आणि शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, 'हल्ली फार रडू येतं' असं येतं. माझ्या ओपीडीतही तसंच. केसपेपरवर 'कंबरदुखी' असते. तपासणी संपवून बाई दारापर्यंत जाते, मग वळते आणि खरं काय ते सांगते. म्हणून आज दोन्हींची उत्तरं एकत्रच देते.

प्रश्न : सिझर होऊन चार महिने झाले, कंबर सतत धरते. सासरी सगळ्या म्हणतात, पाठीत भुलीचं इंजेक्शन घेतलं की कंबर जन्माची गेली. सध्या द्राक्षांची छाटणी चालू आहे, घरात कुणाला वेळ नाही. (वय २६, तासगाव तालुका)

उत्तर : त्या इंजेक्शनवर उगाच आळ येतो. सुई टोचली तिथे काही दिवस दुखतं. पहिल्या आठवड्यात उठून बसलं की डोकं फुटायला येणं आणि आडवं झालं की थांबणं, हेही त्या भुलीमुळे होऊ शकतं, त्यावर इलाज आहे. पण चार महिन्यांच्या कंबरदुखीचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. पाठीत सुई न घेता बाळंत झालेल्या बायकांचीही कंबर दुखतेच.

गरोदरपणात सांधे सैल होतात आणि पोटाचे स्नायू मधोमध फाकतात. पोटाने सोडलेला भार कंबर उचलते. उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं किंचित उचला आणि बेंबीपाशी बोटं आडवी ठेवून पाहा. दोनापेक्षा जास्त बोटं मधल्या फटीत बसत असतील तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. ते शिकवतील ते व्यायाम रोज दहा मिनिटं करायचे, फरक पडायला काही आठवडे लागतात. पट्ट्याने आधार मिळतो, पण स्नायूंचं काम स्नायूंनीच करायचं असतं. डिंकाचे लाडू जरूर खा, फाकलेले स्नायू मात्र लाडवांनी जुळत नाहीत.

बाळाला पाजता कसं? मांडी घालून, पुढे वाकून, मान खाली घालून, दिवसातून आठ-दहा वेळा? भिंतीला टेकून बसा, मांडीवर उशी घ्या, बाळ छातीशी आणा. आपण बाळावर वाकायचं नाही. आणि शेक-शेगडी घेत असाल तर दारं-खिडक्या लावून नको. कोंडलेल्या धुराने बाळाचा श्वास अडतो, कोळशाचा वायू तर दोघांच्याही जिवावर बेततो.

प्रश्न : सून बाळंत होऊन सहा आठवडे झाले. पोरगी रडली तरी नुसती बघत बसते. जेवत नाही, कारण नसताना रडते, सगळं अंग दुखतं म्हणते. मुलगी झाली म्हणून नाराज आहे असं शेजारच्या म्हणतात, आम्ही तर कुणी काही बोललो नाही. जाऊबाई म्हणतात बाहेरचं आहे, अमावस्येला उतारा टाका. (पलूस)

उत्तर : सासूने असं पत्र लिहावं, हे मला फार आवडलं.

वार पडली की शरीरातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स एकदम उतरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकींना रडू येतं. पाचवीच्या पूजेला बाळंतीण डोळे पुसत बसलेली तुम्हीही पाहिली असेल. ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. सहा आठवडे टिकलेलं रडू वेगळं. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे प्रसूतीनंतरचं नैराश्य वाटतं. देशभरातले ३८ अभ्यास एकत्र करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक. तुमच्या गल्लीतही कुणीतरी असेल.

अंग दुखतं म्हणते, ते नाटक नाही. नैराश्यात दुखणं जास्त जाणवतं आणि दुखण्यापायी झोप जाते. झोप गेली की मन आणखी खचतं. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. बाळंतपणानंतर या दोन्हींचा घोळ होतो आणि दिसतो असाच.

मुलीबद्दल एकच सांगते. तुम्ही वाईट बोलला नाहीत, पण बारशाला 'बरं झालं, लक्ष्मी आली' असं मनापासून कुणी म्हणालं का? कुणीच म्हणालं नसेल तर ते तिला ऐकू गेलंय.

डॉक्टर तिला नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरा प्रश्नावली देतील. १९८७ पासून ती वापरात आहे. दहा साधे प्रश्न असतात, शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल. तोच प्रश्न तुम्हीही तिला जवळ बसून विचारा, 'जीव नकोसा वाटतो का गं?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट तिला बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, आजच डॉक्टरकडे न्या.

आता 'बाहेरचं'. रात्र रात्र झोप नाही, कानात आवाज येतात, बाळ आपलं नाहीच असा संशय येतो, असंबद्ध बोलणं चालू होतं, याला लोक बाहेरचं म्हणतात. हजारात एक-दोघींना हा मनोविकार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यात रात्र उलटू द्यायची नसते. तुमच्या सुनेत हे दिसत नाही, पण लक्ष असू द्या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं. उतारा टाकायचाच तर टाका, मी भांडणार नाही. पण आधी सुनेला दवाखान्यात न्या. अमावस्येची वाट पाहू नका.

प्रश्न : आमचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं, दुकान केरळात आहे. बायको विट्याला बाळंत झाली, तिसऱ्या महिन्यात तिला इकडे आणली. इथल्या डॉक्टरांनी नैराश्य सांगून सर्ट्रालिन सुरू केलं. सासूबाई म्हणतात, अंगावरचं दूध बंद कर नाहीतर गोळ्या बंद कर. सवय लागेल का?

उत्तर : दोन्ही बंद करू नका. सर्ट्रालिन दुधात फार थोडं उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आईला बहुधा हेच औषध आधी देतात. झोपेच्या गोळ्यांसारखी त्याची चटक लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवावं लागतं. मनाने एकदम सोडलं तर त्रास होतो.

पण नुसत्या गोळीने भागायचं नाही. माहेरी चार बायकांत होती, आता दुकानावरच्या खोलीत, भाषा न कळणाऱ्या गावात दिवसभर एकटी. तुमच्या भागातली गलाईवाली कुटुंबं जवळपास असतीलच, तिथे तिला रोज नेऊन सोडा. रात्री पाजून झालं की ढेकर काढणं, दुपटं बदलणं, झोपवणं तुमचं. सलग चार तास झोप मिळाली तर औषधालाही मदत होते. दुकान सकाळी तासभर उशिरा उघडलं तर सोनं काही पळून जात नाही.

प्रश्न : टाके भरून तीन महिने झाले, तरी संबंधाच्या वेळी आग होते. मिस्टर रुसतात. (मिरज)

उत्तर : पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे कोरडेपणा येतो. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरा. टाक्यांच्या जागी गाठ किंवा ओढ जाणवत असेल तर दाखवून घ्या. दुखत असताना 'नको' म्हणायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. आणि पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात, तेवढं त्यांनाही सांगा.

प्रश्न : मी जत तालुक्यातली, ऊसतोडीच्या टोळीत आहे. बाळ दोन महिन्यांचं. अंग ठणकतं, चक्कर येते, ओटीपोट खाली ओढल्यासारखं वाटतं. आराम करा म्हणू नका, उचल घेतलीय. कधी कधी वाटतं आपण नसतो तर बरं. (तळावरच्या एका शिकणाऱ्या मुलीकडून लिहून घेतलेलं पत्र)

उत्तर : तुमची शेवटची ओळ मी आधी घेते. 'आपण नसतो तर बरं' हे थकव्याचं बोलणं असेलही, पण मी ते थकवा म्हणून सोडणार नाही. नवऱ्याला आजच सांगा, याच शब्दांत. पुन्हा तसं वाटलं तर एकटीने बसू नका, फोन कुणाचाही घ्या आणि १४४१६ लावा, मराठीत बोला.

आराम करा म्हणत नाही. पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढवणं काही महिने नवऱ्याकडे द्या, तुम्ही खाली बसून वाढे बांधा. ओटीपोट ओढतं ते ओझ्याने असू शकतं. अंग, म्हणजे गर्भपिशवी, खाली येतंय का, ते तपासून घ्यावं लागेल. चक्कर बहुधा रक्त कमी असल्याने येते. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या फुकट असतात. तळाजवळच्या कुठल्याही उपकेंद्रात जा, गाव कुठलं म्हणून परत पाठवत नाहीत. बाळाच्या लशींचं कार्ड बरोबर ठेवा. तासाभरात पॅड किंवा कापड भिजेल इतकं रक्त, ताप येऊन घाण वास, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखून दम लागणं, यातलं काहीही झालं तर फड सोडून १०८ला फोन करायचा.

आणि ज्या मुलीने पत्र लिहिलं, तिच्याकडूनच हे उत्तर वाचून घ्या. तुमची ती ओळ तिने ऐकलेलीच आहे. दवाखान्यात जाताना तिलाच बरोबर घ्या, तुम्हाला बोलता आलं नाही तर ती सांगेल.