चेतना, शुद्ध की जाणीव?

मेंदूविज्ञान आणि मनोविश्लेषण यांवरील एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या नागपूरच्या वाचक भगिनींनी विचारले आहे की, ‘कॉन्शसनेस’साठी चेतना, शुद्ध आणि जाणीव यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि ‘अनकॉन्शस माइंड’साठी त्यांनी योजलेले ‘बेशुद्ध मन’ चालेल का.

‘बेशुद्ध मन’ चालणार नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याला अभिप्रेत असलेले मन निपचित पडलेले नसते. दडपलेल्या इच्छा तिथे सतत काम करत असतात आणि स्वप्नांतून, बोलण्यातल्या चुकांतून वर येतात.

शुद्ध हा शब्द दवाखान्यातला आहे आणि तिथे तो चपखल बसतो. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक ‘त्याले होश आला का?’ असे विचारतात आणि डॉक्टर ‘पेशंट शुद्धीवर आहे’ असे सांगतात, तेव्हा रुग्ण डोळे उघडतो का, विचारल्यास नीट उत्तर देतो का, सांगितल्यावर हात हलवतो का, हे तपासलेले असते. १९७४ साली ग्लासगोत तयार झालेल्या मोजपट्टीत याच तीन गोष्टींना मिळून ३ ते १५ गुण देतात. शुद्धीचा मेंदूतला आधारही बराचसा ठाऊक आहे : १९४९ साली मोरुत्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की मेंदूच्या खोडातील (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातील) पेशींचे एक जाळे उत्तेजित केले असता मेंदूच्या विद्युत् लहरी जागेपणीच्या होतात.

पण शुद्ध म्हणजे जाणीव नव्हे. अपघातानंतर डोळे उघडे, पण कशालाच प्रतिसाद नाही, अशा अवस्थेतील एका तरुणीला आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करायला सांगितले असता, तिच्या मेंदूत निरोगी माणसांप्रमाणेच हालचालींशी संबंधित भाग कार्यरत झाल्याचे मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. बाहेरून तपासणाऱ्याला काहीच सापडत नसताना आत कुणीतरी ऐकत होते, असाच त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला. ही घटना मराठीत सांगायची तर शुद्ध आणि जाणीव हे दोन्ही शब्द वेगवेगळे हाताशी हवेत.

चेतना या शब्दाबद्दल माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. हिंदीत तो या अर्थी रुळलेला आहे आणि नागपुरात हिंदी रोज कानावर पडत असल्याने तो आपल्यालाही सहज सुचतो. मराठीत मात्र चेतना म्हटले की आधी सजीवपणा आठवतो. झाडही सचेतन असते. शिवाय न्यूरॉनला, म्हणजे संदेश वाहणाऱ्या मेंदूतल्या पेशीला, आपण चेतापेशी म्हणतो. त्यामुळे ‘चेतापेशींमुळे चेतना निर्माण होते’ हे वाक्य वाचताना, ज्याचे उत्तर शोधायचे आहे ते शब्दांतच मिळाल्यासारखे वाटते. चेतापेशींची क्रिया कुणाला तरी वेदना म्हणून किंवा लाल रंग म्हणून का अनुभवाला यावी, हीच तर १९९५ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी ‘कठीण’ म्हटलेली समस्या आहे आणि ती अजून सुटलेली नाही. हा अनुभव ज्याचा त्यालाच असतो, म्हणून त्यासाठी ‘जाणीव’च लिहावे.

‘अनकॉन्शस’साठी पाठ्यपुस्तकी ‘अबोध मन’ चालेल. मला ‘नेणीव’ अधिक आवडते. ज्ञानदेवांच्या हरिपाठात जाणीव-नेणीव ही जोडी आहे, पण तिथे नेणीव म्हणजे अज्ञान. फ्रॉइडची नेणीव म्हणजे नुसते न जाणणे नव्हे, तर जाणिवेत येऊ न दिलेले. तेव्हा पहिल्या उल्लेखापाशी एक खुलासा करावा. फ्रॉइडने १८९५ मध्ये मन चेतापेशींच्या भाषेत मांडण्याचा आराखडा लिहायला घेतला आणि अपुराच सोडला. तो छापला गेला १९५० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. ती वाट पुन्हा धरणारे मेंदू-मानसशास्त्रज्ञ आणि मनोविश्लेषक मार्क सोम्स म्हणतात की जाणिवेचा उगम मेंदूच्या खोडातून उठणाऱ्या भावनांत आहे, म्हणून ‘इदम्’ (इड, म्हणजे फ्रॉइडच्या मांडणीत मनाचा मूळ प्रेरणांचा भाग) नेणिवेत नसून जाणिवेतच आहे. हे मत सर्वमान्य नाही, पण तुमच्या लेखात ते आले असेल तर तिथे ‘चेतना’ लिहून चालायचे नाही, कारण सगळा वाद जाणीव आणि नेणीव यांच्या सीमेचा आहे.

लिहिताना एवढे पाहावे की मूळ रूपात ‘णी’ दीर्घ असली तरी सामान्यरूपात ती ऱ्हस्व होते : जाणिवेचा, नेणिवेत.